निराधार कोण? शासनाच्या मदतीची एक टीका

मागच्या व्याख्यानात आपण न्याय या कल्पनेचा पाश्चात्त्य इतिहास पाहिला. प्लेटोपासून निघून रॉल्सपर्यंत आलो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण तहसील कार्यालयात यातलं काय दिसतं?" हशा झाला, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न टोचत राहिला. म्हणून आज आपण तहसील कार्यालयातच जायचं ठरवलं आहे. विषय आहे स्वमग्न आणि इतर दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना राज्य सरकारकडून मिळणारी मदत.

मराठीत 'टीका' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्ञानदेवांनी गीतेवर टीका लिहिली असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी गीतेला नावं ठेवली असा अर्थ कोणी घेत नाही. मूळ वचनात जे दडलेलं आहे ते उलगडून दाखवणं, ही टीका. दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे, तो वर्तमानपत्रातला. आज आपण शासन निर्णयांची, म्हणजे ज्याला सगळे जीआर म्हणतात त्यांची, टीका करणार आहोत आणि ती दोन्ही अर्थांनी. जीआर कोणी ग्रंथ म्हणून वाचत नाही. पण कुठल्याही जीआरमध्ये माणूस म्हणजे काय, कुटुंब म्हणजे काय, मदत कोणाला द्यायची आणि का द्यायची, याची एक समजूत गृहीत धरलेली असते. ती कुठे लिहिलेली नसते, पण अटींमधून बोलत असते. ती समजूत बाहेर काढायची, एवढंच आपलं काम.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. या विषयात आम्ही त्रयस्थ नाही. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे. आता तो छत्तीस वर्षांचा आहे. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली. तिची पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे. म्हणजे आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या कुटुंबांत ती बरीच सुस्थितीत आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

या भाच्याच्या शाळेच्या वयात सरकारी दाखल्यावर शब्द होता 'मतिमंद'. तो मतिमंद नव्हता. त्याला एस.टी.ची सगळी वेळापत्रकं पाठ होती. पण १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. जो प्रकार कायद्यात नाही त्याचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय काहीच मिळत नाही. मग डॉक्टरांनी आणि आईने मिळून त्याला त्यातल्या त्यात जवळच्या खान्यात बसवलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचं नाव आलं, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि संस्था यांच्याविषयीचा. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले, तिथेही स्वमग्नता नाही. त्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांत स्वमग्न किती, याचं उत्तर त्या आकड्यात नाही, कारण प्रश्नच विचारला नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. तेव्हा आमचा भाचा कायद्याच्या दृष्टीने स्वमग्न झाला. वय वर्षं सत्तावीस.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण विचारतो, नाव आधी की वस्तू आधी? इथे उत्तर सरळ आहे. नावाआधी वस्तू वीस-पंचवीस वर्षं घरात वावरत होती, पण नाव नाही म्हणून मदत नाही.

आता मूळ योजनेकडे येऊ. महाराष्ट्रात दिव्यांगांना दरमहा पैसे मिळतात ते प्रामुख्याने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. योजना १९८० ची. त्यात विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, अनाथ मुलं आहेत, दुर्धर आजाराचे रुग्ण आहेत आणि दिव्यांग आहेत. नाव पाहा, 'निराधार'. शब्द सुंदर आहे आणि त्याच्यामागे करुणाही आहे, ती आपण नाकारू नये. पण आमचा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. ज्याला आधार नाही तो निराधार. मग ज्या मुलाला आई आहे, बाप आहे, तो निराधार कसा? म्हणून योजना लगेच कुटुंबाचं उत्पन्न मोजते. मोजण्यामागचा तर्क असा की कुटुंब हाच आधार, आणि तो पुरेसा असेल तर सरकारने मधे पडायचं कारण नाही. पण खुद्द या आधाराला कोणी आधार द्यायचा, हा प्रश्न योजनेच्या भाषेत विचारताच येत नाही. भिंत छप्पर पेलते एवढंच तिला दिसतं. भिंतीखाली पाया आहे की माती, ते ती पाहत नाही.

आता आकडा पाहू. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, आणि दिव्यांगांसाठी ती पुढे ५० हजार केली. ५० हजार म्हणजे किती? रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना, म्हणून तिनेच मोजू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातला एक माणूस त्या दराच्या कामावर १६१ दिवस गेला की ५० हजार ओलांडतात. म्हणजे वर्षातले सहा महिनेसुद्धा नाहीत. तेवढी मजुरी एकट्याने मिळवली की कायद्याच्या डोळ्यांत त्या घरातल्या दिव्यांग मुलाला पुरेसा आधार मिळाला. शेजारी दुसरी योजना ठेवा. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ती योजना बरी की वाईट, तो आजचा विषय नाही. आपला मुद्दा एवढाच की एकच सरकार गरज मोजायला दोन पट्ट्या वापरतं, आणि आखूड पट्टी दिव्यांग मुलाच्या वाट्याला येते.

याचा परिणाम काय होतो? उत्पन्नाचा दाखला. तो ५० हजारांच्या आतला लागतो, म्हणून तो तसा काढला जातो. काढणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्याला ठाऊक असतं, पुढे तपासणाऱ्यालाही अंदाज असतो. कान्ट म्हणत असे की खोटं कुठल्याही परिस्थितीत बोलू नये. आम्ही पस्तीस वर्षं वर्गात ते शिकवलं. पण जो नियम प्रामाणिक माणसाला दोनच वाटा ठेवतो, मुलाचा हक्क सोड किंवा खोटं लिहून दे, त्या नियमाचं काय करायचं, हे कान्टने सांगितलेलं नाही. तिथे दोषाची सुरुवात नियम लिहिणाऱ्यापासून करावी लागते.

उत्पन्नाच्या अटीत आणखी खोल चूक आहे आणि ती अमर्त्य सेन यांनी फार स्पष्ट दाखवली आहे. सेन म्हणतात की अपंगत्वाचे दोन तोटे असतात. एक, कमाई घटते. दुसरा, जी कमाई होते तिचं आयुष्यात रूपांतर करायला जास्त खर्च येतो. सारखंच उत्पन्न असलेली दोन घरं सारखी नसतात. एका घरातलं मूल शाळेत चालत जातं. दुसऱ्या घरातल्या मुलाला वाचा उपचारासाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. त्या दोन दिवसांची आईची मजुरी बुडते, वर भाडं, वर उपचाराची फी. कागदावर दोन्ही घरांचं उत्पन्न एकच. आपली पट्टी पहिला तोटाही अर्धवट मोजते, दुसरा मोजतच नाही.

इथे कोणी म्हणेल, एस.टी.त सवलत आहे की. आहे. दिव्यांगाला मोठी सवलत आहे, अपंगत्व जास्त असेल तर सोबतच्या माणसाला अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच स्त्रियांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. आणि अशा मुलांसोबत बहुतेक वेळा कोण असतं? आई. म्हणजे 'सोबती' म्हणून तिला जे मिळत होतं ते आता तिला बाई म्हणून मिळतंच, आणि दिव्यांग मुलाची काळजीवाहक म्हणून तिच्या वाट्याला वेगळं काही उरलं नाही. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे. पण या आईकडे स्वतंत्रपणे कोणी पाहिलं नाही, हे यातून दिसतं.

रकमेबद्दल थोडं बोलू. २०२३ च्या जुलैत निराधार योजनेची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली, सगळ्या लाभार्थ्यांना सारखीच. आता २०१६ च्या कायद्याचं कलम २४ काढा. त्यात म्हटलं आहे की दिव्यांगांसाठीच्या मदतीची रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. कायदा लागू झाला २०१७ ला. २०२३ मध्ये नवी रक्कम ठरवताना २५ टक्क्यांचा साधा गुणाकार केला असता तर दिव्यांगांना १,८७५ रुपये आले असते. ते आले नाहीत. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम २,५०० करण्याचा निर्णय झाला. त्याचं आपण स्वागतच करू, कारण त्याने कायद्याची अट ओलांडली. पण मधली वर्षं हिशेबात धरायची की नाही? हक्क आठ वर्षं उशिरा मिळाला तर तो कृपेसारखा वाटायला लागतो, लोक सत्कार करतात. हक्काची जागा आभाराने घेतली की पुढच्या वेळी मागणीचा आवाज आपोआप खाली येतो.

आता टक्क्यांकडे वळू. आमच्या मते सगळ्यांत जास्त विचार इथेच व्हायला हवा.

चाळीस टक्के अपंगत्व असेल तर माणूस कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांग ठरतो आणि बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. हात, पाय, डोळा, कान यांबाबत टक्केवारी निदान समजू तरी शकते. स्वमग्नतेची टक्केवारी काय असते? त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आयएसएए नावाची मापनपद्धती वापरतात. त्यात चाळीस बाबी आहेत. मूल डोळ्याला डोळा देतं का, एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलतं का, आवाजाने बिथरतं का, अशा. प्रत्येकीला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण चाळीस ते दोनशे. सत्तर गुण झाले की स्वमग्नता, आणि सत्तर गुणांना ४० टक्के. एकोणसत्तर झाले तर काही नाही. डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. त्यांना कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ही पद्धत येण्याआधी तर रेघसुद्धा नव्हती. गिल्बर्ट राइल यांनी 'कोटीदोष' म्हणून एक चूक सांगितली आहे. माणूस विद्यापीठ पाहायला येतो, ग्रंथालय पाहतो, वर्ग पाहतो, मैदान पाहतो आणि मग विचारतो, "हे सगळं झालं, पण विद्यापीठ कुठे आहे?" एका कोटीतली गोष्ट तो दुसऱ्या कोटीत शोधतो. मुलाचं वर्तन मोजून कुटुंबाची गरज काढणं ही त्याच जातीची चूक आहे. सौम्य स्वमग्नतेचं मूल रात्रीचं तीन वाजता उठून दार उघडून रस्त्यावर जात असेल, तर त्या घरात कोणी तरी कायम जागं असतं. ते जागरण चाळीस बाबींत कुठे बसवणार?

भाच्याचा नवा दाखला काढायला बहीण त्याला घेऊन एका जिल्ह्याच्या ठिकाणी गेली होती. आम्हीही बरोबर होतो. दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला असतो, त्यामुळे सगळे एकाच दिवशी येतात. व्हरांड्यात दीडदोनशे माणसं, स्ट्रेचर, रडणारी मुलं, नावं पुकारणारा शिपाई. ज्या मुलाला आवाज सहन होत नाही त्याला आवाज सहन होत नाही हे सिद्ध करायला तिथे तीन तास बसायचं. भाचा अशा वेळी कानांवर लावायचे मोठे हेडफोन वापरतो, ते लावले की तो शांत बसतो. त्या दिवशी ते नव्हते. त्याने कान दाबून धरले, मग डोकं भिंतीवर आपटायला लागला. आम्ही बहिणीला म्हटलं, "अगं, हेडफोन विसरलीस का?" ती काही बोलली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "दादा, विसरले नाही. मुद्दाम घरी ठेवले. शांत दिसला असता तर टक्के कमी आले असते."

आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. त्या वाक्यावर आम्हाला आजही काही बोलता येत नाही. ती चुकली असं आम्ही म्हणणार नाही, बरोबर केलं असंही ती स्वतः म्हणत नाही. पण एक नक्की, आईला मुलाचा वाईट दिवस घडवून आणावा लागतो, अशी व्यवस्था आपण उभी केली आहे. मदत मागायची तर दुःख दाखवावं लागतं, आणि पुरेसं दिसलं नाही तर वाढवावं लागतं.

त्याच रांगेत एक बाई होती, दोन एस.टी. बदलून आलेली. मुलगा दहा-अकराचा, बोलत नव्हता. ती शेतमजुरी करते. सकाळपासून मुलाला मांडीवर धरून बसली होती. बहिणीने तिला विचारलं, "याचं कोण बघतं गं, तू कामाला जातेस तेव्हा?" ती म्हणाली, "कामाला जातच नाही आता. बांधून ठेवायचं मन होत नाही." एवढंच. हिशेब करा. त्या घरात मुलाचं अपंगत्व एक, आणि आईची गेलेली मजुरी दुसरी. निराधार योजनेच्या अर्जावर दुसऱ्या गोष्टीला रकानाच नाही.

इथे आपण रॉल्सकडे परत जाऊ. मागच्या वेळी सांगितलं होतं, रॉल्सच्या कल्पनेतले नागरिक आयुष्यभर समाजाशी पूर्ण सहकार्य करू शकणारे, समान क्षमतेचे असतात. ते एकत्र बसून न्यायाचे नियम ठरवतात. जे असं सहकार्य करू शकत नाहीत त्यांचा विचार नंतर करू, असं रॉल्स म्हणतात. मार्था नुसबॉम यांनी २००६ च्या 'फ्रंटियर्स ऑफ जस्टिस' या पुस्तकात यावर बोट ठेवलं. ज्यांचा विचार नंतर करायचा ठरतं, ते पायाभरणीला हजर नसतात आणि म्हणून इमारतीत त्यांना खोली नसते. त्याआधी, १९९९ मध्ये, ईव्हा किटे यांनी 'लव्ज लेबर' लिहिलं. किटे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका आणि सेशा नावाच्या तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीची आई. त्यांचा मुद्दा आपल्याकडच्या भाषेत सांगायचा तर असा. बाळंतीण बाळाची काळजी घेते, पण बाळंतिणीची काळजी कोण घेतं? आपल्याकडे त्यासाठी माहेर आहे. सव्वा महिना तिला कोणी भांडी घासायला लावत नाही, कारण सगळ्यांना कळतं की जो दुसऱ्याला सांभाळतो तो त्या काळात स्वतः दुबळा होतो. आता समजा हे बाळंतपण सव्वा महिन्याचं नसून पन्नास वर्षांचं आहे. मग माहेर कोण? किटे म्हणतात, समाजाने ते व्हायला हवं, आणि तो उपकार नसून न्यायाचाच भाग आहे.

गंमत अशी, आणि ही गंमत कडू आहे, की आपल्या कायद्याला हे कळलेलं आहे. २०१६ च्या कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे. पगार घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कोणीही व्यक्ती, आई-वडील आणि कुटुंबीय धरून. कलम २४ मध्ये ज्या योजना अपेक्षित आहेत त्यांत जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' नावाची योजना हा कायदा येण्याच्याही आधी सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाला घरी पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लाजिरवाणी लहान आहे, हे मान्य. पण ती काळजी घेणाऱ्याच्या कामासाठी आहे. राज्याने लिहून दिलं की हे काम आहे. महाराष्ट्राच्या योजनांच्या यादीत या नावाचा मासिक भत्ता आपल्याला दिसत नाही.

मग महाराष्ट्र पालकांना काहीच देत नाही का? देतो, आणि काय देतो ते पाहण्यासारखं आहे. दिव्यांग मुलांच्या पालकांना व्यवसाय करातून सूट आहे, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. सरकारी कर्मचारी असलेल्या आईला अशा मुलासाठी विशेष बालसंगोपन रजा आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सांगितलं की अशी रजा ही सवलत नाही, ती स्त्रियांच्या नोकरीतल्या समान सहभागाची घटनात्मक गरज आहे. निकाल मोलाचा आहे. पण व्यवसाय कर कोण भरतं? ज्याला पगार आहे तो. रजा कोणाला? जिला नोकरी आहे तिला. आमच्या बहिणीला दोन्ही लागू होतं, रांगेतल्या त्या बाईला एकही नाही. म्हणजे पालक म्हणून राज्य फक्त पगारदार पालकाला ओळखतं. बिनपगारी आईला ते ओळखतं तेव्हा ती केवळ निराधार मुलाची अर्जदार असते.

आता दोन आक्षेपांना उत्तर देऊ, नाही तर तुम्ही म्हणाल सरांनी एकतर्फी बोलून घेतलं.

पहिला, सरकारकडे पैसा कुठे आहे? कायद्यातही 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेतच. खरं आहे. पण क्षमता म्हणजे तिजोरीतली रक्कम नव्हे, ती प्राधान्यक्रमाने ठरते. आणि सगळ्याला पैसाच लागतो असंही नाही. ग्रामपंचायत, नगरपालिकेपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा नियम महाराष्ट्रात आहे. अनेक गावांत तो खर्च मार्चअखेरीला वस्तू वाटून पुरा होतो. प्रत्येकाला एक पंखा किंवा एक पाण्याची टाकी. त्याच पैशातून तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस मुलं सांभाळणारं केंद्र चालवलं तर काय होईल? त्या शेतमजूर बाईला आठवड्यात दोन दिवस मजुरीवर जाता येईल. पंख्याचा फोटो निघतो, मोकळ्या दोन दिवसांचा निघत नाही. अडचण तिथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आईच्या मायेला पैसे कसले? आपल्याकडे याला कर्तव्य म्हणतात. आम्हाला हा आक्षेप हास्यास्पद वाटत नाही. पण कर्तव्य कोणाचं, हे विचारू. आजोबा, काका, मामा, शेजारी, गाव यांचं पूर्वी थोडं थोडं होतं. ते सगळे एकेक करून बाजूला झाले आणि कर्तव्य तेवढं एका बाईच्या पदरात राहिलं. १९९१ चा 'चौकट राजा' तुम्ही पाहिला असेल. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांना आठवतो. त्याची आई, सुलभा देशपांडे, किती जणांना आठवते? भत्ता मायेचा मोबदला नसतो. ज्या हातांनी माया होते ते हात थकतात, त्या थकव्याची भरपाई असते. आणि इथे आम्ही स्वतःलाही सोडत नाही. मामा म्हणून आम्ही भाच्यासाठी काय केलं? वाढदिवसाला भेट, सुटीत चार दिवस, आणि भाषणं. छत्तीस वर्षांत एक अख्खी रात्र आम्ही त्याच्यासाठी जागलेलो नाही. राज्यावर टीका करताना हे लपवलं तर ती टीका खोटी होईल.

शेवटचा मुद्दा, वेळेचा. मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने सहा ते अठरा वयापर्यंत. विशेष शाळाही तिथेच थांबतात. अठरा पूर्ण झाली की मुलगा कायद्याने सज्ञान, म्हणून आई-वडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आईने अठरा वर्षं सांभाळलं, आता त्याची आई असल्याचा कागद आणायचा. दिव्यांग मुलाचं आयुष्य अठराव्या वर्षी संपतं असं जणू योजनांनी गृहीत धरलं आहे. खरं म्हणजे आईसाठी ते तिथून अवघड होत जातं. मूल मोठं होतं, जड होतं, त्याला आवरणं कठीण होतं, आणि ती म्हातारी होते.

महाराष्ट्राने २०२२ च्या ३ डिसेंबरला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. स्वतंत्र विभाग झाला म्हणजे प्रश्न विचारायला एक पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर आपण तीन मागण्या पाठवू शकतो, तिन्ही कायद्यात बसणाऱ्या. एक, दिव्यांग मुलाच्या मदतीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट निदान राज्याच्या दुसऱ्या मोठ्या योजनेइतकी तरी सैल करा, आणि जमलं तर काढूनच टाका. दोन, काळजीवाहक भत्ता त्याच्या नावाने सुरू करा, मुलाच्या अनुदानातून वेगळा, आईच्या खात्यावर. तीन, दाखल्याची तपासणी मुलाच्या ओळखीच्या जागी, तालुक्याच्या दवाखान्यात किंवा त्याच्या शाळेत, ठरवून दिलेल्या वेळी करा. तिसऱ्या मागणीला जवळजवळ खर्च नाही. ती मान्य झाली असती तर आमच्या बहिणीने हेडफोन घरी ठेवले नसते.

'निराधार' या शब्दावर एकदा परत येऊ. योजनेने तो मुलाला लावला. आम्हाला वाटतं, तो शब्द त्या घरातल्या आईला अधिक लागू पडतो. तिच्यावर सगळे टेकलेले आहेत आणि ती कशावरच टेकलेली नाही. परवा बहिणीने आम्हाला विचारलं, "दादा, आमच्यानंतर याचं काय?" ती अडुसष्टची, आम्ही त्याहून मोठे. उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही म्हटलं, "बघू." बघू हेच आजवर सरकारचंही उत्तर राहिलेलं आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न विचारा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं मूल असेल तर प्रश्न नका विचारू, आम्हाला सांगा. आज आम्हाला ऐकायचं आहे.